डोळे चांगले, तरी दिसेना : नांदेड ते हुसेनसागर

नांदेडकरांना हैदराबाद कधीच परके वाटले नाही. निजामाच्या राज्यात कोर्टाचे काम निघो की मोठ्या दवाखान्याचे, आमचे वाडवडील हैदराबादचीच वाट धरीत. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचे राज्य संपले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० पासून आपण महाराष्ट्राचे झालो. पण घरात आजार अवघड झाला की आमच्याकडे पुष्कळांच्या तोंडी आजही मुंबईच्या आधी हैदराबादचेच नाव येते. गाडीत बसले, मुदखेड, उमरी, धर्माबाद मागे टाकले, गोदावरी ओलांडली की निजामाबादमार्गे सिकंदराबाद. भाषेचीही अडचण नाही. तिथल्या रिक्षावाल्याचे ‘हौ’ आणि ‘नक्को’ आमच्या कानांना सवयीचे आहे.

या वाटेने आम्ही अनेकदा गेलो. कधी लग्नाला, कधी कार्यालयाच्या कामाला. पण मागच्या वर्षी केलेला प्रवास वेगळा होता. सोबत आमच्या वस्तीतील एक ताई, त्यांच्या सासूबाई आणि चार वर्षांचा लेक. ताईंचे यजमान गवंडीकाम करतात. स्लॅबचे काम चालू होते, खाडा परवडणारा नव्हता, म्हणून घरचे माणूस म्हणून आम्हाला जावे लागले. तिथे जे पाहिले आणि ऐकले ते आपल्या घराघरांत पोहोचावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

दोष कोणाच्या माथी?

या लेकराची कथा थोडक्यात सांगतो. ताईंचे पहिलेच बाळंतपण. रात्रभर कळा, दवाखाना गाठायला उशीर. बाळ जन्मले ते रडले नाही. निळे पडलेल्या त्या जिवाला काचेच्या पेटीत ठेवले. दुसऱ्या दिवशी झटके आले. बारा दिवसांनी बाळ घरी आले तेव्हा वस्तीने पेढे खाल्ले. पुढे सहा महिने झाले तरी ते आईच्या तोंडाकडे बघेना. खुळखुळा समोर धरला तर मान दुसरीकडे. विजेच्या दिव्याकडे मात्र एकटक बघत राही.

ताईंनी लेकराला घेऊन दवाखाने पालथे घातले. एका ठिकाणी बॅटरीचा उजेड टाकून सांगितले, “डोळे अगदी चांगले आहेत, मोठा झाला की बघेल.” दुसऱ्या ठिकाणी सांगितले, “डोळ्यांना काही नाही, पोरालाच कळत नाही.” घरच्यांचा गोंधळ याहून मोठा. समोर बसलेली आई ज्याला दिसत नाही, त्याला जत्रेतला लाल फुगा कसा दिसतो? सकाळी वाटी उचलतो, संध्याकाळी तीच वाटी का सापडत नाही? आजी म्हणायच्या, “लेकरू सोंग करतंय.” बापाने रागाच्या भरात एकदा हातही उगारला.

आणि शेजारपाजारची माणसे काय म्हणत होती? कोणी म्हणाले, पोटात असताना ताईने ग्रहणात भाजी चिरली. कोणी म्हणाले, मागच्या जन्मीचे पाप. ज्या घरात भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर आहे, त्याच घरात हे बोल उंबरा ओलांडून आले आणि ताईंच्या मनात जाऊन बसले. आम्ही घरोघरी बावीस प्रतिज्ञा म्हणतो, पण लेकराला दुखले की अंगातले जुने भूत उठून उभे राहते, हे कबूल केले पाहिजे.

मार्ग दिसला तो अंगणवाडीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्या महाराष्ट्रातील पालघर येथून सुरू झाला. या कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येऊन मुलांची तपासणी करते. त्या पथकातील डॉक्टरबाईंनी लेकराचे डोळे तपासलेच, शिवाय पाच मिनिटे नुसते बसून ते काय करते ते पाहिले. चिठ्ठी देऊन जिल्ह्याच्या केंद्रात पाठविले. तिथे मेंदूचा फोटो काढायला सांगितला, आणि तिथूनच हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेचे नाव निघाले.

गाडीतील शाळा

सकाळच्या गाडीला गर्दी होती. खिडकीजवळची जागा मिळाली, पण लेकराने बाहेर पाहिलेच नाही. फेरीवाले, बोचकी, माणसांचा कालवा, रंगीबेरंगी साड्या. या सगळ्यात त्याने मान खाली घातली आणि आईच्या पदरात तोंड खुपसले. आम्हाला वाटले, झोप आली असेल. खरे कारण दुसऱ्या दिवशी कळले.

धर्माबाद आले. धर्माबादची मिरची आमच्या भागात नावाजलेली. एक बाई तांबड्याभडक मिरच्यांची पिशवी घेऊन डब्यात शिरली आणि वाट काढताना ती पिशवी डोलत लेकराच्या समोरून गेली. त्याची मान पिशवीबरोबर वळली! पिशवी बाकाखाली गेली तशी नजरही विझली. ताईंनी आमच्याकडे पाहिले. “बघा दादा, अशानंच घरातली माणसं म्हणत्यात, दिसतंय की याला.”

बासर मागे पडले आणि गोदावरीचा पूल लागला. डब्यातले लोक खिडकीतून नाणी टाकू लागले. आजीचाही हात कमरेच्या पिशवीकडे गेला. मग आमच्याकडे बघून त्यांनी तो मागे घेतला आणि ओशाळून म्हणाल्या, “सवय हाय बाबा.” आम्ही म्हणालो, “आजी, ते नाणं राहू द्या, रिक्षाला कामी येईल.” सगळे हसले. प्रवासात तेवढाच विरंगुळा.

सिकंदराबादला रेल्वेत नोकरीला असलेल्या आमच्या एका नातलगाकडे मुक्काम केला. जयभीम झाला, भात-आंबट वरणाचे जेवण झाले आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच उठून बंजारा हिल्स गाठले.

बंजारा हिल्सवरील दवाखाना

ही संस्था १९८७ साली डॉ. गुल्लापल्ली एन. राव यांनी उभी केली. ‘मिलन’, ‘ससुराल’, ‘एक दूजे के लिये’ हे चित्रपट आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असतील. त्यांचे निर्माते एल. व्ही. प्रसाद यांनी जमीन आणि मोठी देणगी दिली, म्हणून त्यांचे नाव संस्थेला आहे. जवळपास निम्म्या रुग्णांवर येथे पैसे न घेता उपचार होतात. ज्यांची नजर शस्त्रक्रियेने किंवा चष्म्याने पूर्ण सुधारणार नाही, त्यांना उरलेल्या नजरेवर जगायला शिकविणारा वेगळा विभाग इथे आहे. आम्ही गेलो ते तिथेच.

तपासणीला घाई नव्हती. प्रथम नेहमीची नेत्रतपासणी झाली. मोतीबिंदू आहे का, पडदा ठीक आहे का, तिरळेपणा आहे का, औषधाचे थेंब टाकून चष्म्याचा नंबर आहे का, हे सर्व पाहिले. मेंदूचा दोष असलेल्या मुलांना नंबरही असू शकतो, आणि जवळचे पाहताना नजर स्थिर करण्याची ताकदही पुष्कळदा कमी पडते. म्हणून ही पायरी कधीच गाळायची नाही, असे त्यांनी बजावले.

नंतर करड्या रंगाचे मोठे पुठ्ठे आणले. त्यांच्या एका बाजूला काळे-पांढरे पट्टे, दुसरी बाजू कोरी. जे मूल बोलू शकत नाही, अक्षर ओळखत नाही, त्याला पट्टे दिसले तर नजर आपसूक तिकडे जाते. पट्टे बारीक करीत जायचे आणि लेकरू कुठपर्यंत वळते ते पाहायचे. आमच्या लेकराने जाड पट्ट्यांकडे मान वळविली, पण लगेच नाही. मनातल्या मनात दहापर्यंत मोजावे इतक्या वेळाने. तपासणाऱ्या बाई गप्प बसून वाट बघत होत्या. आजवर लेकरासाठी इतका वेळ कोणी थांबले नव्हते.

मग प्रश्न सुरू झाले. हालणारी वस्तू लवकर दिसते का? कोणता रंग आवडतो? दिव्याकडे टक लावतो का? वस्तू उचलताना आधी बघतो आणि मग मान दुसरीकडे फिरवून हात पुढे करतो का? पायाखालची पायरी चुकतो का? फरशीवरच्या रेघेला खड्डा समजून अडखळतो का? खेळण्यांच्या ढिगातले आवडते खेळणे सापडत नाही, पण तेच एकटे ठेवले तर सापडते का? गर्दीत बावरतो का? आई आवाजाने ओळखतो की चेहऱ्याने? एक दिवस चांगला, एक दिवस वाईट असे होते का? ताई प्रत्येक प्रश्नाला “हौ, हौ” म्हणत गेल्या. शेवटी त्यांचा गळा दाटला. चार वर्षे जे त्या सांगत होत्या आणि कोणी खरे मानत नव्हते, ते या अनोळखी बाईला न सांगता ठाऊक होते.

डोळा बघतो की मेंदू?

डॉक्टरांनी मेंदूचा फोटो दिव्यावर लावून आम्हाला समजावले, ते आमच्या भाषेत असे.

डोळा हा चित्र टिपणारा. टिपलेले चित्र दोऱ्यासारख्या नसांतून डोक्याच्या मागच्या भागापर्यंत जाते. तिथे त्या चित्राचा अर्थ लागतो. हे काय आहे, कोणाचा चेहरा आहे, हे मेंदूचा एक भाग सांगतो. ते कुठे आहे, किती दूर आहे, कसे हलते आहे, हे दुसरा भाग सांगतो. जन्माच्या वेळी बाळाला प्राणवायू कमी पडला, दिवस भरायच्या आधी बाळ जन्मले, पहिल्या दिवसांत रक्तातली साखर फार खाली गेली, मेंदूज्वर झाला, मेंदूत पाणी साचले किंवा डोक्याला जबर मार लागला, तर या वाटेला किंवा या भागाला इजा होते. मग डोळे नितळ, बाहुली उजेडाला आकसते, पडदा निरोगी, आणि तरीही दिसत नाही. याला सेरेब्रल व्हिज्युअल इम्पेअरमेंट म्हणतात, म्हणजे मेंदूजन्य दृष्टिदोष. दवाखान्यात सी.व्ही.आय. अशी तीन अक्षरे लिहितात. ती वाचकांनी लक्षात ठेवावीत.

मेंदूचा फोटो उपयोगी आहे, डोक्याला तारा लावून करावयाची नजरेची तपासणीही काही मुलांना सांगतात. पण निदान एकट्या यंत्रावर होत नाही. नेत्रतपासणी, जन्माची हकीकत आणि लेकराच्या वागण्याचे निरीक्षण ही तिन्ही जुळवावी लागतात. आईची नोंद हा या तपासणीचा मोठा पुरावा असतो.

ऐकताना आम्हाला तथागतांची शिकवण आठवली. डोळा आहे आणि रूप आहे एवढ्याने पाहणे होत नाही, त्यांच्यासोबत विज्ञान म्हणजे जाणीव उपजावी लागते, असे त्यांनी सांगितले. विहारात हे अनेकदा ऐकले होते. त्याचा अर्थ त्या दिवशी एका चार वर्षांच्या लेकराने आम्हाला शिकविला.

ताईंनी हळूच विचारले, “मॅडम, ग्रहणात भाजी चिरली होती...” डॉक्टरांनी त्यांचा हात धरला. “नहीं अम्मा. आपने कुछ नहीं किया.” खोलीत क्षणभर कोणी बोलले नाही. आजी खिडकीकडे बघत होत्या.

मागच्या जन्मीच्या पापाचा हिशेब या जन्मीच्या माणसाच्या डोक्यावर टाकणारा सिद्धान्त बाबासाहेबांनी नाकारला. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी याची चिकित्सा केली आहे. या सिद्धान्ताने गरिबाला आणि दुबळ्याला त्याच्याच दुःखाचा गुन्हेगार ठरवले जाते. लेकराला प्राणवायू कमी पडला, कारण दवाखाना दूर होता आणि गाडी वेळेवर मिळाली नाही. हे कारण शोधता येते आणि पुढच्या बाळासाठी दूरही करता येते. पापाचे कारण शोधून कोणाचे काय भले होणार?

घरी काय करायचे?

यावर डोळ्यांत टाकायचा थेंब नाही, शस्त्रक्रिया नाही. झटके येत असतील तर त्याचे औषध एकही दिवस चुकवायचे नाही. नंबर असेल तर चष्मा लावायचा. बाकी औषध म्हणजे घराची मांडणी आणि घरच्यांचा धीर. लहान वयात मेंदू नव्या वाटा शोधतो, म्हणून पुष्कळ मुलांची नजर हळूहळू सुधारते. किती सुधारेल हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पूर्ण बरे करून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नये. सांगितलेल्या गोष्टी अशा :

एका वेळी एकच वस्तू. खेळण्यांची टोपली समोर ओतू नये. काळ्या किंवा एकरंगी चादरीवर एकच वस्तू ठेवावी.

आवडता रंग पकडावा. आमच्या लेकराचा लाल. म्हणून त्याचा पेला, त्याचा चमचा, त्याच्या चपलेचा पट्टा लाल. पेला रोज बदलू नये.

स्टीलच्या चकचकीत ताटात पांढरा भात दिसत नाही. गडद रंगाच्या ताटलीत तो उठून दिसतो.

वस्तू थोडी हलवून दाखवावी आणि मग थांबावे. लगेच “दिसलं का, दिसलं का” असा घोष करू नये. एका वेळी कान आणि डोळे दोन्ही राबवणे या लेकरांना जड जाते. बघण्याच्या वेळी टी.व्ही. बंद.

उजेड त्याच्या पाठीमागून वस्तूवर पडावा. तोंडासमोर दिवा असला तर ते दिव्याकडेच बघत राहते.

अंगाला नीट आधार देऊन बसवावे. तोल सावरण्यात सगळी शक्ती गेली तर बघायला काय उरणार?

जवळ जाताना आधी बोलावे, “मी आई आलेय.” एकदम उचलू नये. बोलून, हाताने चाचपू देऊन, मग दाखवावे. ठरावीक रंगाचा पदर किंवा ठरावीक बांगड्यांचा आवाज असला की ओळखायला सोपे जाते.

ज्यांना खालच्या बाजूचे दिसत नाही अशी मुले पायऱ्यांवर पडतात. त्यांना वेंधळे म्हणू नये. पायरीच्या कडेला ठळक पट्टा रंगवावा, पायाने चाचपायला शिकवावे आणि पुस्तक उतरत्या पाटावर उंच धरावे.

शाळेत अक्षर मोठे, ओळी विरळ आणि एका पानावर एकच गणित. पुठ्ठ्याला खिडकी कापून एकच ओळ उघडी ठेवता येते. त्याला खर्च काहीच नाही.

दमले की थांबावे. सकाळी दिसले आणि संध्याकाळी दिसले नाही, हे सोंग नव्हे. मेंदू थकतो.

हे ऐकून आम्हाला गाडीतला प्रसंग उमगला. गर्दीत लेकराने तोंड लपवले, कारण एवढ्या पसाऱ्याचा अर्थ लावणे त्याच्या मेंदूला झेपत नव्हते. आणि मिरच्यांची पिशवी दिसली, कारण ती लाल होती आणि हलत होती.

हुसेनसागरावर

परतीच्या गाडीला वेळ होता. आजींची इच्छा होती की हुसेनसागरातील बुद्धमूर्ती बघायची. सोळाव्या शतकात कुतुबशाहीत बांधलेल्या या तलावाच्या मध्यावर एकाच दगडातून घडवलेली ५८ फूट उंचीची ही मूर्ती उभी आहे. तिची कथाही जाणून घेण्यासारखी आहे. १० मार्च १९९० रोजी मूर्ती तराफ्यावरून नेताना तराफा कलंडला, मूर्ती तलावात बुडाली, काही कामगारांचे प्राण गेले. अडीच वर्षांहून अधिक काळ ती पाण्याखाली होती. १ डिसेंबर १९९२ रोजी ती वर काढून उभी करण्यात आली. मूर्ती वंदताना त्या कामगारांनाही वंदन केले पाहिजे.

काठाजवळच बाबासाहेबांचा १२५ फुटी पुतळा आहे. १४ एप्रिल २०२३ रोजी त्याचे अनावरण झाले. त्याचे शिल्पकार राम सुतार हे मूळचे आपल्या धुळे जिल्ह्यातील गोंदूरचे. त्या पुतळ्यापुढे आजींनी हात जोडले आणि बराच वेळ मान वर करून बघत राहिल्या.

मग लुंबिनी पार्कवरून होडीत बसलो. सकाळचे ऊन होते. आजी लेकराला म्हणत होत्या, “बघ बाळा, बुद्ध बघ.” लेकरू मात्र पाठीमागच्या पाण्यावर चमकणाऱ्या उन्हाकडे टक लावून बसले होते. आजी खट्टू झाल्या. आम्हालाही क्षणभर वाईट वाटले. तेवढ्यात ताई उठल्या, जागा बदलली, लेकराला मांडीवर घेऊन ऊन पाठीशी येईल असे बसवले आणि आजींना म्हणाल्या, “आत्या, घडीभर बोलू नका.”

आजी गप्प बसल्या. होडी पुढे जात होती. आजूबाजूला नुसते पाणी आणि वर आकाश, मध्ये एकच मोठी मूर्ती, हळूहळू जवळ येणारी. लेकराची मान उचलली गेली. आधी डोळे इकडे-तिकडे गेले, मग त्या दिशेला थांबले. किती वेळ? फार तर चारदोन श्वासांइतका. मग ते पुन्हा आईकडे वळले. त्याला काय दिसले, किती दिसले, हे आम्ही सांगू शकत नाही. याला चमत्कारही म्हणत नाही. एकच वस्तू, मोकळी पार्श्वभूमी, हालचाल, पाठीमागून उजेड आणि शांतता. डॉक्टरांनी सांगितलेलेच सारे जुळून आले होते, आणि ते ताईंनी जुळवले होते.

आजी सुनेकडे बघत होत्या. चार वर्षांत जे बोलल्या त्याची आठवण झाली असावी. म्हणाल्या, “तुला उमगतंय गं त्याचं. आम्हालाच न्हाई उमगलं.”

विहाराचा एक कोपरा

नांदेडला परतल्यावर अडचण आली ती जागेची. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसे, भांडी, दोरीवरचे कपडे, शेजारचा टी.व्ही. तिथे मोकळी पार्श्वभूमी आणायची कुठून? महिला मंडळाने विहाराचा एक कोपरा मोकळा करून दिला. तिथल्या भिंतीवरची पत्रके, झालरी, जुने हार काढले. एक काळी चादर टांगली. रोज दुपारी अर्धा तास ताई लेकराला घेऊन तिथे बसतात. बाकीच्या बाया तेवढा वेळ बाहेरच्या ओट्यावर बसून मुलांना दंगा करू देत नाहीत. आज वर्षभराने लेकरू लाल पेल्याकडे नेमका हात नेते. आईचा पिवळा पदर लांबून ओळखते. चेहरे अजून ओळखत नाही, उंबऱ्याला अजून ठेचकाळते. पण त्याला आता कोणी सोंगाडा म्हणत नाही, आणि बाप कामावरून आला की दारातूनच सांगतो, “मी आलो रे, तुझा बाबा.”

कागदपत्रांबद्दलही दोन शब्द सांगतो, कारण तो आमचा रोजचा विषय. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये एकवीस प्रकारचे दिव्यांगत्व मानले आहे, आणि पुष्कळशा सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागतो. मात्र या कायद्यात अंधत्व व अल्पदृष्टी ठरवताना तक्त्यावरची नजर आणि नजरेचा घेर ही दोनच मापे आहेत. तक्त्यावर बरे दिसणारे पण गर्दीत हरवणारे मूल या मापात नीट बसत नाही. अशा मुलांपैकी पुष्कळांना सेरेब्रल पाल्सी म्हणजे हातापायांचा ताठरपणाही असतो. तेव्हा दाखल्यासाठी जाताना नेत्रतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि मेंदूतज्ज्ञ या सर्वांचे कागद एकत्र न्यावेत आणि सर्व दोषांची नोंद करून मागावी. १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ ही आरोग्य विमा योजना सेरेब्रल पाल्सी व बहुविकलांग मुलांसाठी आहे. तिच्यात एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. कागदाची एक झेरॉक्स नेहमी घरी ठेवावी.

आणि जी लेकरे अजून जन्माला यायची आहेत त्यांच्यासाठी : बाळंतपण दवाखान्यातच करावे, कळा सुरू होताच निघावे, गाडीचा बंदोबस्त आधी करावा. बाळाला जन्मल्यावर तासाभराच्या आत आईचे दूध पाजावे. पहिला चीक फेकू नये, मध आणि गुळाचे पाणी चाटवू नये. बाळ उबेत ठेवावे. ते मलूल झाले, दूध ओढेना, झटका आला तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळाचा डोळ्यांचा पडदा पहिल्या महिन्यातच तपासून घ्यावा. आणि दीड-दोन महिन्यांचे बाळ आईच्या तोंडाकडे बघत नसेल, तर “होईल मोठं झाल्यावर” म्हणून थांबू नये.

आपल्या वस्तीत असे एखादे लेकरू असेल. त्याला लोक वेंधळे, मंद, सोंगाडे म्हणत असतील. त्याच्या आईला एक पान देऊन लेकरू काय बघते, केव्हा बघते हे आठ दिवस लिहायला सांगा. तिला लिहिता येत नसेल तर तिने सांगावे आणि तुम्ही लिहावे. तो कागद घेऊन डॉक्टरांकडे तिच्यासोबत जा. गाडीभाड्याचे आपण बघू, पण तिला एकटीला पाठवू नका.

जयभीम.